मांजर सूड घेत नाही : लिटर बॉक्सपासून ‘हाय-फाइव्ह’पर्यंत

आज आपण मांजराबरोबर एका घरात राहण्याबद्दल बोलणार आहोत, आणि त्यासाठी हिंजवडीसारखी दुसरी जागा नाही. आयटी पार्क यायच्या आधी इथल्या घरांतलं मांजर दिवसा पडवीत झोपायचं, रात्री कणगीजवळचे उंदीर धरायचं आणि विधीसाठी बांधावरची मऊ माती उकरायचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आता तसंच एखादं मांजर फेज थ्रीमधल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, टू बीएचकेमध्ये राहतं. मांजर तेच आहे, त्याच्या पायाखालची माती तेवढी गेली.

अशा घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘आम्ही ऑफिसला गेलो की हे मुद्दाम गादीवर लघवी करतं, सूड घेतं.’ मग घरभर वास, घरमालकाची कुरकुर, त्यात अकरा महिन्यांचा करार संपत आलेला. शेवटी एके दिवशी मांजर दुसऱ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोडलं जातं. पाळलेल्या प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणं हा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी प्रश्न आहे समजुतीचा. गादीवर लघवी करणारं मांजर बहुतेक वेळा एकतर आजारी असतं, घाबरलेलं असतं, नाहीतर त्याला दिलेली जागा त्याला पटलेली नसते.

आधी आजाराचं बघू. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये जातोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबभरच लघवी होतेय किंवा होतच नाही, असं दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट गाठीने बंद झाली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच रात्री डॉक्टरकडे न्यायचं. दुसरी गोष्ट वेगळी ओळखायची. शेपटी उभी करून भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणं म्हणजे हद्दीची खूण करणं. वेळेवर केलेल्या नसबंदीने ते बहुतेक मांजरांत थांबतं किंवा सुरूच होत नाही.

आता पेटीकडे येऊ. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकन रानमांजर, कोरड्या मुलखातला प्राणी. भुसभुशीत जागा उकरायची, काम उरकायचं, झाकायचं, ही सवय तिथली. म्हणून पिल्लाला लिटर बॉक्स ‘शिकवावा’ लागत नाही, नीट मांडून द्यावा लागतो. पूर्वी लोक राख, वाळू, लाकडाचा भुसा वापरायचे. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी शोषून घेणारी दाणेदार माती मांजरांसाठी विकायला सुरुवात केली. आज आपण आणतो ती गोळा होणारी लिटर बहुधा बेंटोनाइट मातीची असते. पाणी लागलं की ही माती फुगते, म्हणून लघवीचा गोळा तयार होतो आणि तेवढाच उचलता येतो. याच कारणाने ती कमोडमध्ये टाकायची नाही. तिथेही ती फुगणारच, आणि पाइप तुंबणार.

मांडणीचे नियम सोपे आहेत. जितकी मांजरं, त्याहून एक पेटी जास्त. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट, थर साधारण दोन-तीन इंचांचा, वास नसलेला. जागा शांत हवी. वॉशिंग मशिनशेजारी ठेवली आणि स्पिन चालू झालं, की मांजर दचकतं आणि पुढच्या वेळी गादी निवडतं. जेवणाच्या भांड्याजवळही ठेवायची नाही. आपण तरी संडासात पान वाढून घेऊ का?

रोज साफसफाई हवी, ती नुसत्या वासासाठी नव्हे. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो. तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणजे रोज उचललं की धोका खूप कमी होतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. आणि फरशी पुसायला फिनेल वापरत असाल तर थांबा. त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं, म्हणजे ते थेट पोटात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही टाळलेली बरी. डागावर एन्झाइमचा क्लीनर वापरा.

आता काही जण लघवीच्या डागाशी नेऊन मांजराचं नाक घासतात. हे का चालत नाही, ते १८९८ मध्येच एका संशोधकाच्या कामातून दिसलं होतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना लाकडी पेट्यांमध्ये ठेवलं आणि खाणं बाहेर ठेवलं. खटका दाबला किंवा दोरी ओढली की दार उघडायचं. मांजरं आधी ओरबाडायची, धडपडायची. मग चुकून खटका दाबला जायचा. पुढच्या खेपांना वेळ हळूहळू कमी होत गेला. ज्या कृतीनंतर लगेच चांगलं घडतं ती कृती टिकते, हा त्यांचा नियम. यातला ‘लगेच’ महत्त्वाचा. तासाभराने दिलेल्या शिक्षेतून मांजर एवढंच शिकतं, की हा माणूस भीतिदायक आहे.

हाच नियम उलटा वापरला की मांजर खेळ शिकतं. जेवणाआधी, भूक असताना, दोन-तीन मिनिटं पुरेत. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे घ्या आणि एक टकटक वाजणारं बॉलपेन. आधी नुसतं ‘टक्’ आणि तुकडा, असं पंधरा-वीस वेळा. ‘टक्’ म्हणजे खाऊ, हे पक्कं झालं की मुठीत तुकडा धरा. मांजर आधी हुंगेल, मग पंजा लावेल. पंजा लागला त्या क्षणी ‘टक्’ आणि खाऊ. काही दिवसांनी मूठ उघडून तळवा उभा धरा. झाला हाय-फाइव्ह!

पाहुण्यांना दाखवायला हे छानच, पण खरा फायदा वेगळा आहे. याच पद्धतीने मांजराला आपणहून कॅरिअरमध्ये जायला शिकवा. आधी जवळ जाणं, मग आत पंजा, मग आत बसणं, मग क्षणभर दार बंद. प्रत्येक पायरीला खाऊ. ज्या रात्री बोक्याची लघवी अडलेली असेल, त्या रात्री पलंगाखालून ओरबाडून घेत त्याला बाहेर काढण्यात वेळ जाणार नाही.

तेव्हा मांजराने नको तिथे घाण केली, तर ‘याचा राग कशावर?’ असं विचारू नका. तीन गोष्टी क्रमाने तपासा : तब्येत, पेटी, घरातला बदल. बहुतेक घरांत उत्तर या तिन्हींत सापडतं, आणि मग मांजर बाहेर सोडायची वेळच येत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊया.