नाव तेच, क्रमांक निराळा

विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक घरांतील जुन्या संगणकांना निवृत्त करण्याची वेळ आली. बंगळुरूच्या सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, जुनी हार्ड डिस्क बसविण्याची छोटी पेटी सहज मिळते. ती नव्या संगणकाला जोडली की जुने फोल्डर दिसू लागतात. परंतु मुदत ठेवींचे तपशील, आयकर विवरणपत्रे, मुंजीची छायाचित्रे असलेला फोल्डर उघडू जाता ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ अशी सूचना झळकते. ‘डिस्क बिघडली, फॉरमॅट करा’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानल्यास घराचे दहा-पंधरा वर्षांचे दप्तर पुसले जाईल. आणि बहुतेक वेळा डिस्क बिघडलेली नसतेच.

बँकेत एकाच नावाचे अनेक खातेदार असतात; व्यवहार होतो तो खाते क्रमांकावर. विंडोजचाही शिरस्ता हाच आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाईलसोबत तिचा मालक कोण आणि ती वाचण्या-बदलण्याची मुभा कोणाला, याची नोंद असते. ही नोंद नावाने नव्हे, तर खाते उघडताना मिळालेल्या दीर्घ क्रमांकाने होते. नव्या संगणकावर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी क्रमांक निराळा पडतो, आणि घरमालक स्वतःच्याच घरात परका ठरतो!

एक यंत्र आणि वापरणारे अनेक, या पेचाचा विचार बंगळुरूत फार पूर्वी झाला होता. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून घडविलेल्या ‘सिम्प्युटर’ या हातातल्या स्वस्त संगणकात स्मार्ट कार्डाची सोय होती. गावात यंत्र एकच असले तरी ज्याने त्याने आपले कार्ड घालावे आणि आपलीच माहिती पाहावी, ही कल्पना. २००४ मध्ये तो बाजारात आला, पण फारसा चालला नाही. कल्पना मात्र मोलाची होती: ओळख यंत्राबरोबर नव्हे, माणसाबरोबर फिरत होती. घरच्या संगणकात नेमके उलटे घडते.

उपाय अवघड नाही. प्रथम प्रशासकाचे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून फोल्डर उघडावा व ‘कंटिन्यू’ दाबावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. न झाल्यास फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असे जावे. तेथे ‘ओनर’पुढील ‘चेंज’ दाबून आपले नाव द्यावे, आतील सर्व फोल्डरांनाही ते लागू करण्याच्या चौकटीत खूण करावी आणि मग स्वतःस ‘फुल कंट्रोल’ द्यावा. घाईत ‘एव्हरीवन’ला सर्वाधिकार देणे म्हणजे लॉकरची किल्ली जिन्यात टांगणे होय. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांची मालकी तर मुळीच बदलू नये. त्याने प्रणालीच बिघडू शकते. काम झाल्यावर फाईलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सएफएटी पद्धतीचा असतो. त्यात अशा परवानग्यांची नोंद होत नाही, त्यामुळे ही प्रत कोणत्याही संगणकावर उघडते. अर्थात ती कोणाच्याही हाती उघडेल, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मात्र फाईल कूटबद्ध असेल तर मालकी बदलून काहीही साधत नाही. परवानगी हा दारावरचा पहारेकरी. कूटबद्ध फाईलचा मजकूरच दुसऱ्या लिपीत गेलेला असतो. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि ती दुसरीकडे जोडल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. त्या खात्याचा पासवर्ड केवळ घरातील कर्त्या व्यक्तीलाच ठाऊक असेल, तर तिच्या पश्चात कुटुंबासमोर डिस्क असूनही कागदपत्रे नसतात. म्हणून ही की आजच छापून ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवावी. जी डिस्क कूटबद्ध करायची तिच्यावरच की साठवू म्हटल्यास विंडोजही नकार देते. लॉकरची किल्ली लॉकरमध्येच ठेवण्याचा मोह त्यांनाही परिचित असावा.