इटलीत लिंबाची बाग पाहायला लोक पैसे का मोजतात? जाणून घ्या सविस्तर

लिंबाची बाग बघायला कोणी तिकीट काढून येईल, असं श्रीगोंदा-कर्जतकडच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो हसेल. पण इटलीत अमाल्फी नावाच्या गावात हेच रोज चालतं. जगभरातले पर्यटक आधी ऑनलाइन बुकिंग करतात, शेकडो पायऱ्या चढतात आणि एखाद्या कुटुंबाची वाडवडिलांपासून चालत आलेली बाग बघून येतात. या पैशाचं तिथं नेमकं होतं काय, ते समजून घेऊ.

बाग कुठे आहे आणि कशी आहे?

अमाल्फी हे नेपल्स शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव. खाली समुद्र, वर उभा डोंगर. सपाट जमीन जवळपास नाहीच. म्हणून तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगर फोडून टप्पे पाडले, दगडाच्या ताली रचल्या आणि त्यात माती भरली. या तालींत सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्यामुळे पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं आणि माती जागेवर राहते. १९९७ मध्ये युनेस्कोने हा सगळा किनारा जागतिक वारसा यादीत घेतला.

लिंबू आपल्यापेक्षा वेगळं

आपलं कागदी लिंबू लहान, गोल आणि पातळ सालीचं. तिथलं लिंबू लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, सूतकताईच्या चातीसारखं. त्याचं नावही चातीवरूनच पडलंय, 'स्फुसातो'. साल जाड, वास जबरदस्त, बिया कमी. साल आणि आतला पांढरा गर यांच्यासकट लोक त्याच्या चकत्या साखर लावून खातात. २००१ मध्ये या लिंबाला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. या नावाने विकायचं तर फळ किमान १०० ग्रॅमचं लागतं.

झाडं मांडवाखाली वाढवतात. मांडव चेस्टनटच्या लाकडी खांबांचा. फांद्या वाळुंजाच्या लवचीक काड्यांनी बांधतात. थंडीत वरून जाळी टाकतात. पूर्वी झाडपाल्याच्या फांद्या टाकत. त्याने गार वारा आणि गारा अडतात, शिवाय फळ उशिरा पिकतं. त्यामुळे तोडणी फेब्रुवारी ते ऑक्टोबर अशी लांबवता येते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण मजुरीची. या टप्प्यांवर ट्रॅक्टर चढत नाही. फळं तोडायची हातानं आणि पन्नासेक किलोचं क्रेट खांद्यावर घेऊन पायऱ्यांनी खाली आणायचं. पूर्वी हे काम बायका करायच्या. डोक्या-खांद्यावर ओझं घेऊन एकामागे एक रांगेत उतरायच्या, म्हणून त्यांना 'छोट्या मुंग्या' म्हणत. आता काही ठिकाणी तारेवरचे पाळणे आणि एका रुळावरची छोटी गाडी आली. तरी बरंचसं काम माणसाच्या पाठीवरच आहे.

खर्च जास्त, पोरं हॉटेलच्या नोकरीत. त्यामुळे बऱ्याच बागा पडीक पडल्या. आणि तिथं बाग पडीक पडली की फक्त शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. ताल फुगते, ढासळते, आणि मोठ्या पावसात दगडमाती खालच्या रस्त्यावर, घरांवर येऊ शकते. ऑक्टोबर १९५४ च्या अतिवृष्टीत या भागात तीनशेहून जास्त माणसं गेली. म्हणून वरची ताल शाबूत आहे का, याची काळजी खालच्या गावालाही असते.

पाहुण्यांचा पैसा कुठे जातो?

नुसतं लिंबू विकून ताल दुरुस्त करण्याचा खर्च निघणं अवघड. म्हणून काही कुटुंबांनी बाग दाखवायला सुरुवात केली. घरातलाच कोणीतरी पाहुण्यांना फिरवतो, कलम, बांधणी, क्रेट उचलणं समजावतो. शेवटी लिंबू सरबत, केक आणि लिमोनचेलो देतात. लिमोनचेलो म्हणजे लिंबाची साल कडक दारूत मुरवून, साखरेचा पाक घालून केलेलं पेय. पाहुणा जाताना बाटली, मुरंबा घेऊन जातो. म्हणजे फळ तेच, पण मधल्या व्यापाऱ्याशिवाय विकलं जातं.

जायचं असेल तर

घरातलं कोणी युरोपात असेल, तुमचा जायचा बेत असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

- बुकिंग आधी करा. बाग ही खासगी जागा आहे, गेट उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका.
- चांगले बूट घाला. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या किती ते आधी विचारा.
- विचारल्याशिवाय फळ तोडू नका, तालीवर चढू नका.
- दारू चालत नसेल तर तसं सांगा आणि सरबत मागून घ्या.
- फुकटात बागांचा परिसर बघायचा तर मायोरी ते मिनोरी या दोन गावांमधली जुनी 'लिंबाची वाट' पायी चाला.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे डोंगर आणि समुद्र नाही, हे खरं. पण पावसाळ्यात लिंबाचा भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही, हे दुखणं ओळखीचंच आहे. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. मात्र अमाल्फीत पर्यटक आधीपासून येत होते, बाग नंतर दाखवली गेली. म्हणून खर्च करण्याआधी आपल्या रस्त्याने कोण जातं ते बघा. देवस्थान, किल्ला किंवा हायवे जवळ असेल तर सरबत आणि लोणच्यापासून सुरुवात करता येईल. खोल्या बांधायचं नंतर बघू.