भाड्याची गाडी स्वतः चालवताना: म्हैसूर-बेळगोळ परिसरातील पर्यटकांसाठी नियम आणि कॅशलेस उपचार योजना

म्हैसूरहून कृष्णराजसागर धरण आणि वृंदावन उद्यानाकडे जाणारा रस्ता बेळगोळवरून जातो. महाराष्ट्रातून येणारे काही पर्यटक म्हैसूरला उतरून पुढे गाडी भाड्याने घेतात आणि स्वतः चालवतात. अशी गाडी घेताना काय तपासावे, रस्त्यावर काय पाळावे आणि अपघात झाल्यास सरकारी योजनेतून कोणती मदत मिळते, हे येथे सोप्या शब्दांत दिले आहे.

गाडी घेण्यापूर्वी: आधी नंबर प्लेट पाहा

चालकाशिवाय भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी केंद्र सरकारची १९८९ ची ‘रेंट-अ-कॅब’ योजना आहे. अशा अधिकृत गाडीच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते. ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ताब्यात घेताना हे तपासा:

- नोंदणी प्रमाणपत्र (आरसी), विमा, पीयूसी आणि परमिट यांची मुदत
- दुसऱ्या राज्यात (उदा. उटी, वायनाड) जायचे असल्यास परमिट आणि कर भरल्याची पावती
- टायर, दिवे, वायपर आणि स्टेपनी
- आधीचे ओरखडे व पोचे. त्यांचा व्हिडिओ काढून ठेवा

तुमचे लायसन्स डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असले तरी ते ग्राह्य आहे. चलान गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते. ती रक्कम तुमच्या डिपॉझिटमधून कापली जाणार का, हे करारात वाचा.

रस्त्यावर

- बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग: कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि कॅमेऱ्यांची नजर असते. १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकेवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरना बंदी आहे. सर्व्हिस रोडवर मात्र ही वाहने भेटतात.
- बेळगोळ औद्योगिक परिसर: पाळी सुटण्याच्या वेळी बस, दुचाकी आणि पायी जाणारे कामगार एकदम रस्त्यावर येतात. वेग कमी ठेवा.
- रात्रीचा परतीचा प्रवास: वृंदावन उद्यानाची रोषणाई पाहून परतताना अंधार झालेला असतो. मंड्या हा उसाचा जिल्हा आहे. मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अचानक समोर येऊ शकते. कोल्हापूर-सांगलीकडच्या चालकांना हे सांगायला नको. समोरून वाहन येताना डिपर द्या.
- बंडीपूर: उटी किंवा वायनाडकडे जाणारा जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. वेळ गाठण्यासाठी वेग वाढवू नका, लवकर निघा.
- फलक: कन्नड वाचता आले नाही तरी आकार ओळखा. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे बंधनकारक नियम, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका.
- सीटबेल्ट: मागे बसलेल्यांनाही सक्तीचा आहे.
- मद्यपान: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

अपघात झाल्यास

१. गाडी बाजूला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि ११२ वर फोन करा.

२. ठिकाण नीट सांगा. नुसते ‘बेळगोळ’ म्हणू नका. मराठी शिलालेखामुळे आपल्याला परिचित असलेले श्रवणबेळगोळ हासन जिल्ह्यात, म्हैसूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. ‘म्हैसूर-केआरएस रोडवरचे बेळगोळ’ असे सांगा आणि जवळची खूण द्या. हे गाव मंड्या जिल्ह्यात येते, पण हद्द कोणाची याचा शोध तुम्ही घेत बसू नका.

३. जखमीला जवळच्या रुग्णालयात पोहोचवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पोलीस जवळ नसतील तर २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवा. विमा कंपनीला आणि गाडीमालकालाही कळवा.

कॅशलेस उपचार योजना, २०२५

५ मे २०२५ पासून देशभर लागू असलेल्या या योजनेत मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातील जखमीला, अपघातापासून कमाल ७ दिवस, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात पैसे न भरता मिळतात. इतर रुग्णालयात फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार मिळतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*मी महाराष्ट्राचा रहिवासी आहे. कर्नाटकात लाभ मिळेल का?*
होय. अपघात देशातल्या कोणत्याही रस्त्यावर झाला तरी योजना लागू होते.

*मग गाडीचा विमा पाहण्याची गरज काय?*
योजना फक्त उपचारांसाठी आहे. गाडीचे नुकसान किंवा दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई तिच्यात येत नाही. म्हणून नंबर प्लेट आणि विमा आधीच तपासावा.

*अनोळखी जखमीला रुग्णालयात नेले तर पोलिसांचा त्रास होईल का?*
नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्यास ‘राह-वीर’ योजनेतून २५,००० रुपयांचे बक्षीसही मिळू शकते.