ओढून घेतलेली हवा

कोराडीत सकाळी स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवा, करडी पूड लागेल. आमच्याकडे तिला राखड म्हणतात. ती येते इथल्या कोळशावरच्या वीज केंद्रातून. तिथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. तिथे नोकरी केलेल्या माणसाला आयडी फॅन समजावून सांगावा लागत नाही. धूर तो चिमणीकडे ओढतो, म्हणून भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो.

छातीतही तीच युक्ती. फुप्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. बरगड्यांखालचं घुमटासारखं श्वासपटल आकसून खाली येतं, छातीत जागा वाढते, दाब घटतो आणि हवा आत येते. सोडताना तर कष्टच नाहीत, ताणलेली फुप्फुसं आपली आपण आवळतात. जुने योगी दिवसाचे २१,६०० श्वास सांगतात. मिनिटाला पंधरा धरा, हिशोब चोख जुळतो. एका श्वासाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरच्या वर!

नाकात ही हवा गरम होते, ओली होते, केसांत जाडी धूळ अडकते. घशात अन्नाची वाट आणि हवेची वाट एकच. गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं. घास तोंडात असताना बोललात की ठसका लागलाच. पुढे श्वासनलिका, जेमतेम ११ सेंटीमीटरची. तिच्या कूर्चेच्या कड्या मागून उघड्या असतात, कारण पाठीला अन्ननलिका टेकलेली. मग फाटे, फाट्यांना फाटे, सुमारे २३ वेळा. शेवटी वायुकोश, तीस कोटींहून जास्त. त्यांच्या भिंती मायक्रॉनपेक्षा पातळ. सगळ्या पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर, एका बेताच्या फ्लॅटएवढ्या. इथे प्राणवायू रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. मात्र अर्ध्या लिटरमधले दीडशे मिलिलिटर इथवर पोचतच नाहीत, वाटेतूनच परततात.

वीज केंद्रातलं ईएसपी नावाचं धूर गाळणारं यंत्र राखडीच्या कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर चिकटवतं, मग हातोडे ते पत्रे झाडतात. श्वासनलिकेत चिकट कफ असतो आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस. खाकरून थुंकतो ती हीच झाडणी. विडीच्या धुरानं हे केस आधी लुळे पडतात. वायुकोशात असे केस नाहीतच. तिथे साफसफाई फक्त भक्षक पेशींची. राखडीतला अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण तिथवर सहज पोचतो.

म्हणून अंगणातली राखड कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.