आंब्याचा बॉक्स घेताना नुसता ‘प्लाय’ विचारू नका. थप्पीत सगळ्यात खाली असलेल्या बॉक्सवर किती भार येतो ते आधी मोजा

मांडवी (रत्नागिरी) : हापूस काढणीला आला की बागायतदाराची पहिली धावपळ असते ती बॉक्सची. पूर्वी चार-पाच डझनांची लाकडी पेटी वाशीच्या बाजारात गेली की काम संपायचं. आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला एक-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे बॉक्स थेट घरपोच जातात. लाकडी पेटी वरचा भार मुकाट पेलायची. पुठ्ठ्याचं तसं नाही. चुकीचा पुठ्ठा घेतला तर गाडी घाट उतरेपर्यंत खालचे बॉक्स बसतात आणि भार आंब्यावर येतो. गिऱ्हाईकाने दबलेल्या आंब्याचा फोटो पाठवला की पैसे परत द्यावे लागतात आणि पुढच्या वर्षीची ऑर्डरही जाते.

बॉक्स घ्यायला गेल्यावर बहुतेक जण एवढंच विचारतात, “तीन प्लाय की पाच प्लाय? आणि केवढ्याला?” पण नुसत्या प्लायवरून बॉक्स किती मजबूत आहे ते कळत नाही.

प्लाय, जीएसएम आणि बीएफ म्हणजे काय?

तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी कागद. पाच प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन नागमोडी. ही फक्त थरांची संख्या झाली. कागद कसला आहे, ते यात येत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. १५० जीएसएमचा कागद १२० जीएसएमपेक्षा जड. पण जड म्हणजे मजबूतच असं नाही, त्यासाठी बीएफ बघावा लागतो. बीएफवरून कागद फाटायला किती दाब लागतो ते कळतं. हिशोब सोपा आहे : बीएफ गुणिले जीएसएम, भागिले १०००. १५० जीएसएम आणि १८ बीएफचा कागद दर चौरस सेंटीमीटरला २.७ किलो दाब सोसतो. १२० जीएसएम आणि २२ बीएफचा कागद सुमारे २.६४ किलो. म्हणजे हलका कागदही चांगल्या लगद्याचा असला तर जवळजवळ तेवढाच टिकतो.

मात्र फाटणं वेगळं आणि दबणं वेगळं. बॉक्स हातातून पडला तर बीएफ कामाला येतो. थप्पीत उभा राहायला पुठ्ठ्याची जाडी, नागमोडी कागदाचा दर्जा आणि त्याच्या लाटांची दिशा महत्त्वाची. बॉक्सच्या भिंतीतल्या लाटा उभ्या असायला हव्यात. कापलेल्या कडेला बघितलं की लगेच कळतं. लाटा आडव्या असतील तर तो बॉक्स घेऊ नका.

आधी भाराचा हिशोब

समजा, एक डझनाचा भरलेला बॉक्स साडेतीन किलोचा आहे आणि गाडीत आठ बॉक्सची थप्पी लागते. सगळ्यात खालच्या बॉक्सवर वरचे सात बॉक्स, म्हणजे साडेचोवीस किलो भार आला. पण तेवढ्याच ताकदीचा बॉक्स घेऊन भागत नाही. हवेतला दमटपणा, घाटातले हादरे, हवेसाठी पाडलेली भोकं आणि थप्पीत गेलेले दिवस, या सगळ्यांनी ताकद घटते. म्हणून निदान चौपट धरायचं. म्हणजे साधारण १०० किलो.

दोन डझनांचा बॉक्स साडेसात किलोचा धरला तर आठच्या थप्पीत खाली साडेबावन्न किलो येतात. चौपट केले की २१० किलो. एक डझनाला तीन प्लाय चालतो आणि दोन डझनाला पाच प्लाय लागतो असं म्हणतात, त्यामागे हाच हिशोब आहे. स्वतःच्या गाडीतून दोन-तीनच बॉक्स एकावर एक ठेवून नेणार असाल तर दोन डझनालाही चांगल्या कागदाचा तीन प्लाय पुरू शकतो. पण ट्रकने किंवा कुरिअरने पाठवताना आपल्या बॉक्सवर दुसऱ्या कोणाचा माल ठेवला जाईल ते आपल्या हातात नसतं. तिथे कंजुषी नको.

बॉक्सवाल्याला थेट विचारा, “हा बॉक्स दाबून बघितला तर किती किलोला बसतो?” बऱ्याच कारखान्यांत किंवा तपासणी प्रयोगशाळेत त्याचं मशीन असतं. आकडा लेखी घ्या.

समुद्राची हवा आणि पुठ्ठा

मांडवीसारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कागद हवेतलं पाणी ओढतो. हवा फार दमट असली तर बॉक्सची दबाव सोसायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. त्यात आंबा जिवंत फळ आहे, बंद बॉक्समध्येही तो ऊब आणि ओलावा सोडत असतो. म्हणून फेब्रुवारीत घेतलेले बॉक्सचे गठ्ठे पडवीत जमिनीवर टाकून मे महिन्यात वापरू नका. फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, वर प्लास्टिक टाका. जमत असेल तर गरजेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत घ्या.

हवेसाठी भोकं हवीतच, पण ती भिंतीच्या मधल्या भागात. बॉक्सचा बराचसा भार चार कोपरे पेलतात, त्यामुळे कोपऱ्याजवळ भोक पाडलं की बॉक्स तिथेच मोडतो. एकूण भोकं भिंतीच्या सुमारे पाच टक्के पुरतात. थप्पी लावतानाही कोपऱ्यावर कोपरा ठेवा. विटांसारखी सांधे चुकवून लावलेली थप्पी दिसायला पक्की दिसते, पण तिच्यात वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्याच्या मऊ भागावर येतो.

घरी करायच्या दोन तपासण्या

पहिली, वजनाची. नमुन्याचा बॉक्स उघडून सपाट करा. घडी किंवा भोक नसलेला ५० सें.मी. लांब आणि २० सें.मी. रुंद तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम येतील त्याला १० ने गुणलं की पुठ्ठ्याचा एकूण जीएसएम मिळतो. तिन्ही कागद १५० जीएसएमचे असतील, तर दोन सपाट कागदांचे ३०० आणि नागमोडी कागद सुमारे १.४ पट लागतो म्हणून त्याचे २१०, असे ५१० होतात. वर गोंद. म्हणजे तुकडा ५१ ते ५५ ग्रॅम भरला पाहिजे. ४२-४३ ग्रॅम भरला तर कागद १२० जीएसएमच्या आसपासचा आहे. दमट पुठ्ठा थोडा जड भरतो, त्यामुळे सुका तुकडाच मोजा.

दुसरी, भाराची. बॉक्स नेहमीसारखा भरा, टेप लावा आणि वर सपाट फळी ठेवून खालच्या बॉक्सवर येणाऱ्या भाराच्या दुप्पट वजन ठेवा. एक डझनाच्या बॉक्सला ५० किलो, म्हणजे तांदळाचं एक पोतं. रात्रभर पडवीत राहू द्या. सकाळी भिंती फुगल्या किंवा कोपरे बसले असतील तर तो बॉक्स ट्रकसाठी नाही.

भरताना

आंबे बॉक्सच्या कडेपेक्षा वर येता कामा नयेत. झाकण आंब्याला टेकलं की भार बॉक्सऐवजी फळ घेतं. आत मोकळी जागा राहिली तर पेंढा किंवा कागदाची कतरण घाला, नाहीतर आंबे हादऱ्याने एकमेकांवर आपटतात. कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्यांचं गणित वेगळं आहे. बाटली स्वतः भार पेलते, तिथे वरच्या भारापेक्षा बाटल्यांमधले पुठ्ठ्याचे खण आणि खालचा तळ मजबूत हवा. आंबापोळी, काजूगर अशा हलक्या मालाला छोट्या लाटांचा पातळ पुठ्ठा चालतो आणि त्यावर छपाईही चांगली उठते.

ऑर्डर देताना एवढं लिहून घ्या : किती प्लाय, प्रत्येक कागदाचा जीएसएम आणि बीएफ, लाटा उभ्या, किती किलोला बसतो, आणि आलेला माल नमुन्याच्या वजनाचा नसेल तर परत. बॉक्समागे चार-पाच रुपये वाचतात खरे, पण डझनातले दोन हापूस दबले की त्याच्या कितीतरी पट जातात. पहिला लॉट घ्यायच्या आधी एक रात्र तांदळाचं पोतं ठेवून बघा.