कुलुपातली विद्या

चीज बाहेर गेली की घराणे बुडाले, अशी समजूत आम्हा गवयांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. ती निव्वळ कंजूषपणाची नव्हे; गवयाची इस्टेट म्हणजे त्याच्या चिजाच. तरीही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. घराणी त्याने बुडाली नाहीत. छापलेल्या कितीतरी चिजा आज संगीतशाळांतून ऐकू येतात. जिवापाड लपवलेल्या पुष्कळशा धन्याबरोबरच गेल्या.

ही आठवण आज काढण्याचे कारण निराळे आहे. माझ्याकडे शिकणारी काही मुले आंतरजालावरील विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात राग आणि गायक यांविषयी मराठीतून लिहितात. त्यांच्यात वाद पडला, की आधार देताना कोणासही फुकट वाचता येईल अशा संशोधनलेखालाच पसंती द्यावी काय? एक पक्ष म्हणे, जो आधार वाचकाला उघडताच येत नाही, तो खरा की खोटा हे त्याने पडताळावे कसे? दुसरा म्हणे, उत्तम लेख कुलुपात आहे एवढ्यासाठी तो टाकून द्यावयाचा की काय?

कुलूप आहे हे मात्र खरे. परदेशी नियतकालिकातील एका लेखास तीस-चाळीस डॉलर मागतात. त्यांतले लेखकाला सहसा काही मिळत नाही. लेख तपासणारे विद्वानही बहुधा विनामूल्यच तपासतात. माझे वडील राजवाड्यातले गवई. त्यांच्याकडे एक संशोधक महिनाभर येत असत. वडिलांनी हातचे न राखता त्यांना चिजा सांगितल्या. पुढे त्यावर लेख निघाला, तो पैसे भरल्यावाचून मला उघडेना. ज्या घराने विद्या दिली, त्याच घराला दार बंद!

२०२५ पासून केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेखाली तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करून तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली आहेत. पाऊल चांगलेच आहे. परंतु घरी शिकवणारा गुरुजी, खाजगी वर्गातला विद्यार्थी किंवा म्हातारा गवई या दाराबाहेरच राहतो.

बडोदेकरांना याहून मोठा धडा घरचाच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून राज्यभर मोफत वाचनालये उघडली आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या धाडल्या. गायकवाड प्राच्यमालेचे पहिले पुस्तक १९१६ साली निघाले. अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड तिच्यातच १९२६ साली आला. खर्च राज्याने सोसला आणि लाभ साऱ्या देशाच्या संगीताभ्यासकांना झाला.

मात्र ‘खुले’ म्हणून मिरवणारे सगळेच सोने नव्हे. काही नियतकालिके वाचकाकडून घेत नाहीत ते लेखकाकडून हजारो डॉलरांनी वसूल करतात, म्हणजे कुलूप नुसते दुसऱ्या दाराला लागले. काही तर पैसे मिळताच वाटेल ते छापतात.

म्हणून मुलांना मी सांगितले ते असे : दोन लेख सारख्याच तोलाचे असतील, तर निःशंकपणे खुला लेख घ्या. बंद लेखच अधिक खरा असेल, तर त्याचाच आधार द्या. पण त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत इतका स्वच्छ मांडा, की ज्याला तो उघडता येत नाही त्यालाही समजावा. त्या लेखाची खुली प्रत लेखकाने कोठे ठेवली आहे काय, तेही शोधा. पुष्कळदा ठेवलेली असते. सोयीसाठी बेसूर पट्टीत गाऊ नये, हा नियम ज्ञानालाही लागू आहे.

आणि आपल्या जुन्या घरांतून वडिलांच्या वह्या, चोपड्या अजून असतील, त्यांनी त्या खुल्या करण्याचे मनावर घ्यावे. इतरांच्या कुलुपांविषयी बोलताना आपल्या फडताळाची किल्लीही काढावी, हे बरे.