ब्रूटसची रौप्यमुद्रा : पुरोभाग व पृष्ठभाग

रोमन प्रजासत्ताकाच्या रौप्यमुद्रांपैकी मार्कस ब्रूटसने इ. स. पू. ४२ च्या सुमारास पाडलेल्या देनारियसइतकी प्रसिद्धी क्वचितच दुसऱ्या एखाद्या नाण्यास लाभली असेल. त्याच्या पृष्ठभागावर दोन खंजीर, त्यांच्या मधोमध मुक्त झालेल्या गुलामाने घालावयाची ‘पिलेउस’ ही टोपी आणि खाली ‘एइद मार’ ही अक्षरे आहेत. ही अक्षरे १५ मार्च या सीझरच्या वधदिनाची निदर्शक होत. खंजिरांनी रोमला दास्यमुक्त केले, हा आशय निरक्षर सैनिकासही कळावा असा आहे. दोन्ही खंजिरांच्या मुठी भिन्न घडणीच्या असल्याने ते ब्रूटस व कॅसियस यांचे असावेत, असा तर्क केला जातो.

पुरोभागावर मात्र खुद्द ब्रूटसचे मुख आहे.

यातील विसंगती ध्यानात येण्यास पूर्वीचा प्रघात पाहिला पाहिजे. देनारियस इ. स. पू. २११ च्या सुमारास प्रचारात आला, तेव्हा त्यावर शिरस्त्राणधारी रोमा देवता व अश्वारूढ डायोस्क्युरी बंधू असत. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपल्या पूर्वजांचे पराक्रम, क्वचित त्यांचे चेहरेही, नाण्यांवर अंकित करू लागले. परंतु हे चेहरे मृतांचे होते. रोमच्या टांकसाळीत हयात व्यक्तीचे मुख नाण्यावर उमटले ते इ. स. पू. ४४ च्या आरंभी, सीझरचे. त्यांपैकी काही नाण्यांवर त्याच्या पर्णमुकुटधारी मस्तकाभोवती ‘आजीवन हुकूमशहा’ ही पदवीही आहे. दोन-तीन महिन्यांतच त्याचा वध झाला.

इ. स. पू. ५४ च्या सुमारास ब्रूटस स्वतः टांकसाळीचा अधिकारी होता. पॉम्पी हुकूमशहा होणार, अशी वदंता त्या काळी होती. ब्रूटसने तेव्हा एका देनारियसवर स्वातंत्र्यदेवता लिबर्टास दाखविली व मागे राजसत्ता उलथविणारा आपला पूर्वज लूशियस ब्रूटस, लिक्टर या दंडधारी सेवकांसह चालताना. सुमारे बारा वर्षांनंतर देवतेच्या जागी त्याचे स्वतःचे मुख आले.

वेतन कोण देतो हे सैनिकांस समजावे म्हणून असे करणे भाग होते, असे समर्थन करता येईल; अँटनी व ऑक्टेव्हियन यांची मुखे तोवर नाण्यांवर आलीही होती. तथापि हे समर्थन अपुरे वाटते. कॅसियसलाही सैन्य पोसावयाचे होते, शत्रूही तेच होते. त्याच्या नाण्यांवर नाव त्याचे आहे, परंतु मुख लिबर्टासचेच आहे.